पावती पुस्तक हातात घेण्याआधी

आपल्या ट्रस्टचा खजिनदार झालास, आता पहिल्यांदा पावती पुस्तकं मोजून घे. कुठल्या नंबरचं पुस्तक कुणाकडे गेलं ते वहीत सहीनिशी लिही. कोरं परत आलं तरी जमा धर. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही. दोन्ही प्रतींवर 'रद्द' लिहून तिथेच ठेवायची. ऑडिटर आधी तेच बघतो.

नोंदणी नसलेल्या मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयातून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी काढावी लागते. आपला ट्रस्ट नोंदलेला, त्यामुळे ती धावपळ नाही. मात्र देणगीदाराला आधीच सांग, २,००० रुपयांच्या वर रोख दिली तर करसवलत मिळत नाही. नाहीतर मार्चअखेर भांडायला येतात!

खरी कसोटी गरजूंना मदत वाटण्यात. गोळा करताना लोक चहा पाजतात, वाटताना तोंड फिरवतात. एका वर्षी मी एका मुलीच्या फीचे पैसे घरी रोख दिले. ते किराण्याच्या उधारीत गेले. तेव्हा चिडलो होतो. आज वाटतं, दुकानदार दारात उभा असताना बाप दुसरं काय करणार? तेव्हापासून फीचा चेक थेट शाळेच्या नावाने, आणि घरी वेगळी विचारपूस, रेशन आहे का म्हणून.

अर्ज आला की दोघांनी घरी जाऊन या. त्यातला एक त्या गल्लीतला नको. आणि वह्या देताना मुलांचे फोटो काढू नका. कार्यकारिणीत कुणी हट्ट धरला तर माझं नाव सांग.