भर उन्हाळ्यात धुऱ्यावरचं गवत मरत कसं नाही?

प्रश्न: आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात हाय. मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवत पार वाळते आन पाऊस पडला का लगेच हिरवंगार. कृषी केंद्रवाला म्हणते का मुळातली बुरशी त्याले वाचवते. बुरशी तर रोग असते ना? आन तो ज्वारीले मायकोरायझाची पुडी टाका म्हणते, घ्यावं का?

उत्तर: दादा, दुकानदार खोटं नाही बोलत पण अर्धंच सांगून राहिला. गवत परत फुटतं ते आधी जमिनीखालच्या जिवंत डोळ्यांमुळं (ज्यातून नवे कोंब निघतात), बुरशी त्याच्या जोडीला असते. आणि सगळ्याच बुरश्या मर रोगाच्या नसतात. मायकोरायझा ही बुरशी मुळाच्या आत शिरते, गवताकडून साखर घेते आणि बदल्यात स्फुरद (फॉस्फरस), जस्त आणून देते, तिचे धागे मुळांवरच्या केसांपेक्षाही बारीक, त्यामुळं जिथं मूळ घुसत नाही अशा भेगांतून ओल आणि अन्न ओढून आणतात. आपल्या काळ्या मातीत स्फुरद चुन्यासोबत बांधून बसतो, तिथं याचा मोठाच आधार आहे.

उन्हाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या यलोस्टोनचं उदाहरण वाचून मी खरंच थक्क झालो. तिथं गरम झऱ्यांजवळच्या तापलेल्या जमिनीत एक गवत उगवतं, त्याच्या अंगात कर्व्ह्युलारिया नावाची बुरशी राहते (ही मायकोरायझा नव्हे, वेगळी). दोघं सोबत असले तर माती 65 डिग्रीला गेली तरी टिकतात, वेगळे केले तर 38 च्या वर दोघांचंही काही खरं नाही! हे 2002 मध्ये समजलं आणि 2007 मध्ये अजून एक गोष्ट निघाली की त्या बुरशीत एक विषाणू असतो, तो काढून टाकला की बुरशी गवताला उष्णतेपासून वाचवूच शकत नाही. म्हणजे गवत, बुरशी, विषाणू असे तिघं मिळून ते ऊन काढतात. आता आपल्या धुऱ्यावर हेच चालतं असं मात्र समजू नका, तो तिथला मामला आहे.

आता पुडीचं. ज्वारी पण गवतच, तिच्या मुळात मायकोरायझा चांगली बसते. पण कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यासोबत टाकली किंवा वरून डीएपी या स्फुरदाच्या खताचा भरपूर डोस दिला तर पैसे पाण्यात, कारण बुरशीनाशक तिलाही मारतं आणि स्फुरद आयता मिळाला की झाड बुरशीला जवळच करत नाही. आणि ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, उन्हाळ्यात वावर रिकामं पडतं तेव्हा ती धुऱ्यावरच्या बारमाही गवताच्या मुळात टिकून राहते, म्हणून धुरा पेटवू नका, तणनाशक मारू नका, हे तर फुकटात होणारं काम आहे, माझ्या मते पुडीच्या आधी हेच करा.

तरी पुडी घ्यायचीच असली तर तारीख बघून एकच घ्या, पेरणीच्या चार तासांत (ओळींत) बियाण्याजवळ टाका आणि बाजूची चार तासं तशीच सोडा. बुरशी काही डोळ्यांनी दिसणार नाही, पावसाचा खंड पडला की कोणत्या तासांतली पानं आधी सुकतात ते बघा आणि कणसं वेगवेगळी तोलून घ्या.