बाळंतपणानंतरचा एकविसावा दिवस

प्रश्न : ११ एप्रिलला आमच्या उपकेंद्रात सुरक्षित मातृत्व दिनाचा कार्यक्रम आहे. डॉ. शेलॉन आयर्विंग यांच्यावर दहा मिनिटं बोलायचंय. त्या कोण होत्या, आणि वाडीतल्या बायकांना त्यांचं काय सांगू?
— नर्सिंगची विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय साथरोगशास्त्रज्ञ. अटलांटाला सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेत काम, पर्ड्यू विद्यापीठाची समाजशास्त्र आणि वार्धक्यशास्त्र अशा दोन विषयांतली डॉक्टरेट. विषमता, हिंसा आणि मनावरचे आघात माणसाला आजारी कसे पाडतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. ३ जानेवारी २०१७ला सिझेरियन होऊन मुलगी झाली. नंतर बीपी चढलेलं, पाय सुजलेले, वजन वाढत चाललेलं. त्या पुन्हापुन्हा तपासायला गेल्या. २४ जानेवारीला बीपीची गोळी लिहून मिळाली आणि त्याच रात्री त्या घरी कोसळल्या. २८ला त्यांचं निधन झालं, वय ३६. त्यांच्या आईने, वांडा आयर्विंग यांनी, पुढे लेकीच्या नावाने मातृआरोग्याचं काम उभं केलं.

‘ज्या विषयावर काम केलं त्यानेच घात केला’ या वाक्यावर बहुतेक भाषणं संपतात. तुम्ही तिथे थांबू नका, तारखा मोजायला लावा. ३ तारखेपासून २४ तारीख म्हणजे २१वा दिवस. दवाखान्यात बाळंतपण झालं की आपल्या आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी असतात. म्हणजे २१व्या दिवसाची भेट त्याच तारखेला पडली असती. या भेटीत बाळाचं वजन, ताप, नाळ सगळं बघितलं जातं. आईचं बीपी मोजायचं राहून जातं, कारण आशाताईंकडे यंत्र असेलच असं नाही. उपकेंद्रातल्या नर्स म्हणजे एएनएमताईंकडून ते मोजून घ्यायचं, एवढं बायकांच्या डोक्यात बसलं तरी दहा मिनिटं सार्थकी लागली.

दोन आकडे हाताशी ठेवा. अमेरिकेत गरोदरपणाशी निगडित मृत्यूंचं प्रमाण गोऱ्या बायकांपेक्षा कृष्णवर्णीय बायकांत जवळपास तिप्पट आहे, आणि शिक्षण-पगाराने ही दरी बुजत नाही. आयर्विंगबाईंकडे दोन्ही होतं. दुसरा, सीडीसीच्या २०१७ ते २०१९च्या पाहणीत असे ५३ टक्के मृत्यू बाळंतपणानंतर ७ दिवस ते वर्षभरात झालेले दिसले. योगायोग म्हणजे तिकडचा कृष्णवर्णीय मातांचा आरोग्य सप्ताहही ११ एप्रिललाच सुरू होतो.

प्रश्न : भाची मुंबईहून माहेरी बाळंतपणाला आली. आज दहावा दिवस. पाय सुजलेत, डोकं दुखतं. घरातली म्हणतात वारं लागलं, कान बांधून शेक घे. बीपीचं यंत्र आणलंय, पण दर वेळी आकडा वेगळाच.
— मावशी, गुहागर तालुका

उत्तर : कान बांधा, पण आजच बीपी मोजा. बाळंतपणानंतर ते बहुधा ३ ते ६ दिवसांत सर्वांत वर जातं, आणि हा धोका सहा आठवडे राहतो. आधी कधी बीपी नव्हतं म्हणून गाफील राहू नका.

आकडा बदलतो तो बहुतेक मोजण्यातल्या चुकांनी. दंडाला बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. आधी अर्धा तास चहा नाही, मिश्री तर नाहीच; तंबाखूने बीपी चढतं. लघवीला जाऊन येऊ दे. पाटावर नको, पाठ टेकेल अशा खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसवा, तळवे जमिनीवर, मांडी घातलेली नको. बाळ त्या वेळी दुसऱ्याकडे. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. ब्लाऊजची बाही वर सरकवून दंडाला काच बसेल असं नको. हात उशीवर, छातीच्या पातळीला. लोंबता हात आणि अपुरा पट्टा, दोन्हींनी आकडा फुगतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी वेळेसकट लिहा, सकाळी आणि संध्याकाळी.

१४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात. १६०/११० दिसलं तर १५ मिनिटांनी पुन्हा बघा, पण तोवर १०८ला फोन लावून ठेवा. गोळीने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे कळ, धाप, किंवा झटका, यांतलं काहीही असेल तर आकडा कमी असला तरी निघा. नुसती पावलं सुजणं नेहमीचं. चेहरा सुजला, कालपर्यंत सैल असलेली बांगडी मनगटात रुतायला लागली, बाळंतपणानंतर उतरायचं ते वजन चढायला लागलं, तर ते वारं नव्हे. तुमच्या भाचीचं डोकं दुखतंय, म्हणजे पत्र छापून येईपर्यंत थांबायचं कारण नव्हतंच. म्हणून हे उत्तर आम्ही आधीच फोनवर कळवलं.

दवाखान्यात ‘तिला बरं वाटत नाही’ म्हणालात तर रांगेत बसवतील. असं सांगा : ‘बाळंतपणाला दहा दिवस झाले, सकाळी बीपी १५२/९६, कालपासून डोकं दुखतंय, गोळी घेऊन उतरलं नाही.’ वही आणि डिस्चार्ज कार्ड पुढे करा. दिवसांचा आकडा आधी. तो सांगितला नाही तर ती बाळंतीण आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही.

आणखी एक. नोंदणी मुंबईत, बाळंतपण इथे, त्यामुळे गावच्या आशाताईंच्या वहीत तिचं नावच नसतं. माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन आजच त्यांना भेटा. सरकारी दवाखान्यातले उपचार आणि ने-आण ४२ दिवसांपर्यंत मोफत आहे.

प्रश्न : बाळंतपणात बीपी वाढलं. सुकट, मीठ बंद केलं तर गोळी सोडता येईल का?
— देवगड

उत्तर : नाही. हा आजार मिठाने होत नाही, मीठ तोडून जातही नाही. सुकट बेताने खा. आकडा खाली आला म्हणून, किंवा दूध बाधेल म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नका. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल या गोळ्या अंगावर पाजणाऱ्या आईला देतात. पुढच्या खेपेला मात्र पहिल्याच तपासणीत हे बीपी सांगा, कारण अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी द्यायची झाली तर ती १६ आठवड्यांच्या आत सुरू करावी लागते.