उतराई होण्याची घाई

“मॅडम, मंडळीत मला कुणी ‘थँक यू’ म्हटलं की राग येतो. आणि नाही म्हटलं की त्याहून जास्त येतो.”

समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी हे सांगून टाकलं. बरेच दिवस घोकून आणलेलं वाक्य असावं. साठी ओलांडलेल्या, गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि लिहिण्यापूर्वी त्यांची परवानगी घेतली आहे.) मी त्यांना ताई म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

ताई बावीस वर्षं आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सेवा करत होत्या. रविवारी मुलांचा वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी, महिलांची प्रार्थनासभा, वेदीवरची फुलं, नव्या कुटुंबांची विचारपूस. दरवर्षी पानगळ सुरू झाली की उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या, उपासनेची तयारी लागायची. त्या दिवसाची किल्लीच जणू त्यांच्या कमरेला होती. गेली तीन वर्षं मात्र नेमक्या याच दिवसांत त्यांना रडू यायचं. उपकारस्तुतीचं गीत सुरू झालं की ओठ हलायचे, आत काही हलायचं नाही. “देवानं इतकं दिलं आणि मी अशी कोरडी. माझा विश्वास आटलाय का हो?”

हा प्रश्न मला नवा नाही. वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या मंडळ्यांतली माणसं थोड्याफार फरकानं हेच विचारतात. सेवेतला आनंद गेला, उलट चीड येते, आणि चिडीची लाज वाटते. बहुतेकांनी ते आधी कुणा ना कुणाला सांगितलेलं असतं आणि “आणखी प्रार्थना करा” हे उत्तर ऐकलेलं असतं. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे. पण दमलेल्या माणसाच्या कामांच्या यादीत प्रार्थनेचीही एक ओळ वाढवून दिली की तो सुधारतो, असं मला कधी दिसलेलं नाही.

आधी साध्या गोष्टी तपासल्या. झोप, भूक, वजन, कशातच रस न वाटणं, मरणाचे विचार. उदासी दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ राहत असेल तर तिला थकवा म्हणून सोडून देता येत नाही, डॉक्टरांची गाठ घ्यावी लागते. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबायचं नाही. शिवाय काहींना दिवस लहान होऊ लागले की ठरल्याप्रमाणे नैराश्य येतं. वैद्यकीय लिखाणात त्याचं वर्णन १९८४ साली आलं आणि त्यावर उपचार आहेत. ताईंना मी डॉक्टरांकडे पाठवलं, रक्त तपासून घ्यायला सांगितलं. थायरॉइड बिघडलं असेल किंवा रक्त कमी असेल, तर माणूस स्वतःच्या विश्वासाला उगाच दोष देत बसतो. त्यांचे अहवाल ठीक आले. नातवंडांबरोबर त्या हसत होत्या, बागेत रमत होत्या. कोरडेपणा फक्त मंडळीच्या दारातून आत गेल्यावर यायचा.

मी त्यांना एक नाव सांगितलं. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं १९७४ साली ‘बर्नआउट’ या, कामानं आतून विझून जाण्याच्या, अवस्थेवर लेख लिहिला, तो न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्याच्या अनुभवावरून. तिथं माणसं मनापासून, बरीचशी बिनपगारी राबत होती, आणि त्यांतही सगळ्यांत झोकून देणारे आधी विझत होते. तो स्वतःही त्यातून गेला होता. ताई म्हणाल्या, “म्हणजे हे पापी माणसांनाच होतं असं नाही.” मी म्हटलं, आळशी माणसांना तर मुळीच होत नाही.

इथवर ठीक चाललं होतं. मग मी चूक केली.

कृतज्ञतेची वही द्यायचं मी ठरवलं. एमन्स आणि मॅककुलो या संशोधकांचा २००३ मधला अभ्यास आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. ज्यांच्यासाठी आभार वाटतात अशा गोष्टी लिहिणाऱ्यांना, कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा आयुष्याबद्दल बरं वाटत होतं. पण त्यांच्या पहिल्या प्रयोगात हे लिहिणं आठवड्यातून एकदा होतं. मी उत्साहाच्या भरात ताईंना सांगितलं, रोज पाच गोष्टी लिहा. निवृत्त शिक्षिकेला गृहपाठ! पुढच्या आठवड्यात वही आली: पस्तीस नोंदी, समास आखलेला, अक्षर मोत्यासारखं, आणि डोळ्यांखाली आधीपेक्षा गडद वर्तुळं. झोप येत असतानाही उठून त्यांनी पाच आकडा पूर्ण केला होता.

वही मात्र वाया गेली नाही. वाचताना एक शब्द सारखा टोचत राहिला. “आज गुडघा दुखला नाही, म्हणून दोन घरं जास्त केली.” “मुलीचा फोन आला, म्हणून शेजारच्या आजींकडे तासभर बसले.” “सकाळी ऊन छान होतं, म्हणून सभागृहाचे पडदे धुतले.” पस्तीसपैकी एकतीस नोंदींत ‘म्हणून’ होता. मी पेन्सिलीनं त्या शब्दांभोवती गोल काढले आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.

ताईंनी पानं उलटली. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “ही तर जमाखर्चाची वही झाली.”

मग नऊ वर्षांची एक मुलगी बोलू लागली. त्या वयात त्यांना मोठं आजारपण आलं होतं. घरात पैसा नव्हता, मंडळीनं वर्गणी काढून उपचार केले. बऱ्या होऊन घरी आल्या त्या दिवशी आईनं जवळ घेऊन सांगितलं, “मंडळीचं ऋण आहे तुझ्यावर. जन्मभर फेडायचं.” आईनं प्रेमानंच सांगितलं होतं. मुलीनं ते अक्षरशः घेतलं.

आपल्या भाषेचाही यात हात आहे. आपण आभार मानतो तेव्हा ‘मी आपला ऋणी आहे’ म्हणतो. उपकार झाला की तो ‘फेडायचा’ असतो, नाही फेडला तर त्याचं ‘ओझं’ होतं. आभाराचे निम्मे शब्द सावकारी पेढीवरून आलेले. तिथून पाहिलं तर ताईंचा राग सरळ होता. जो हप्ता भरतोय त्याला मध्येच कुणी ‘थँक यू’ म्हटलं तर ते चुकीच्या पत्त्यावर आलेलं पत्र वाटतं. आणि कुणी काहीच म्हटलं नाही तर वाटतं, इतका भरणा केला, कुणी पावतीही फाडत नाही.

“किती फेडून झालं?” मी विचारलं. “गणिताच्या बाई आहात. बाकी किती?”

त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, वचनं समोरच्याच्या तोंडावर फेकायची मला भीतीच वाटते, कारण तीच वचनं घेऊन लोकांनी स्वतःला झोडपलेलं मी पाहिलंय. पण ताई रोज शास्त्र वाचणाऱ्या, म्हणून ११६वं स्तोत्र त्यांनाच काढायला सांगितलं. परमेश्वरानं केलेल्या सर्व उपकारांबद्दल मी त्याचा कसा उतराई होऊ, असं स्तोत्रकर्ता विचारतो. त्यांना ते पाठ होतं. “पुढची ओळ?” पुढे तो म्हणतो, मी तारणाचा प्याला हाती घेईन आणि परमेश्वराच्या नावाचा धावा करीन. नवस फेडणं येतं, पण त्यानंतर. फेडायचं कसं, या प्रश्नाला पहिलं उत्तर मिळतं ते आणखी एक प्याला घेण्याचं. ताईंनी ती ओळ पुन्हा वाचली. “हे गणितात बसत नाही,” म्हणाल्या.

पुढच्या भेटीत त्या स्वतःच एक वचन घेऊन आल्या. संतोषानं देणारा देवाला प्रिय असतो, करिंथकरांस दुसरं पत्र, नववा अध्याय. या वचनानंच त्यांना सगळ्यांत जास्त छळलं होतं, कारण संतोष नाही म्हणजे आपलं देणं देवाला नकोसं. मी म्हटलं, पूर्ण वाचू या. त्याच वचनात पत्र लिहिणारा पौल आधी म्हणतो की प्रत्येकानं आपापल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, खेदानं किंवा जुलमानं नव्हे. आधी ठरवणं आहे. मग आम्ही एका कोऱ्या कागदावर त्यांच्या सगळ्या सेवा लिहिल्या. अकरा निघाल्या. प्रत्येकीसमोर एकच प्रश्न ठेवला: हे कुणी ठरवलं?

चार त्यांनी ठरवलेल्या होत्या. बाकी सात चिकटलेल्या होत्या. कुणी गाव सोडून गेलं, कुणी वारलं, कुणी “ताई करतीलच” म्हणालं. फुलांची सेवा तर दोन रविवारांपुरती घेतली होती, तिला चौदा वर्षं झाली होती.

सोडायचं म्हटल्यावर त्या घाबरल्या. सेवा सोडणं म्हणजे मरगळ, वठणं. खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाल्या, “हे असं.” बाहेर पानगळीचं झाड होतं. आता यावर प्रवचन करायचा मोह आवरायला हवा होता, पण मला वनस्पतिशास्त्राची आवड आहे, त्यामुळे आवरला नाही. पान गळायच्या आधी झाड त्यातलं नत्र आणि स्फुरद बरंचसं परत आत ओढून घेतं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक खास थर सुटा होतो आणि पान पडतं. हे काम जिवंत फांदीच करू शकते. उन्हाळ्यात मोडून वाळलेली फांदी पाहा, तिची करपलेली पानं तशीच लटकत राहतात. तिला ती सोडताच येत नाहीत. ताई बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. त्या झाडाला तशी एक फांदी होती. मी ती आधी पाहिली नव्हती, त्यांनीच दाखवली.

सात सेवांपैकी पाच द्यायच्या ठरल्या. पाळकसाहेबांशी बोलायला त्यांना तीन आठवडे लागले. ते समजूतदार निघाले. समितीतल्या एकानं मात्र “या वयात लोकांना आराम सुचतो” असं ऐकवलंच. बायबलमधला इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसे तेव्हा त्याच्या सासऱ्यानं, इथ्रोनं, हे बरं नाही, तू झिजून जाशील, असं सांगितलं होतं. सगळ्यांच्या नशिबी इथ्रो नसतो.

उपकारस्तुतीचा दिवस आला. बावीस वर्षांत पहिल्यांदा ताई रिकाम्या हातांनी बाकावर बसल्या. छान शेवट करायचा तर इथं सांगावं की गीत सुरू होताच त्यांना भरून आलं. तसं झालं नाही. फुलं उशिरा आली, खुर्च्या कमी पडल्या, आणि ताईंचं सगळं लक्ष खुर्च्यांवर. “तरी मी सांगत होते,” हे वाक्य त्यांनी मला चार वेळा ऐकवलं. “मला उठून जाऊन लावाव्याशा वाटत होत्या. हात मांडीखाली धरून बसले.”

त्या दिवशीचा पाठ बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातला होता. खळ्यातलं आणि द्राक्षकुंडातलं उत्पन्न गोळा झाल्यावर सात दिवसांचा मांडवांचा सण करायचा. शरदातलाच सण तो. त्यात आनंद कुणी करायचा याची यादी दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातला), परका, अनाथ, विधवा. ताईंनी ही यादी मुलांना कितीदा तरी पाठ करून घेतली होती. “मी नेहमी शेवटून वाचायचे,” त्या म्हणाल्या. “अनाथ, विधवा, परका. यांना बोलवायचं राहिलं का, एवढंच बघायचे. यादीच्या सुरुवातीला ‘तू’ आहे हो.”

त्यानंतर आम्ही दोनदाच भेटलो. ठेवलेल्या सेवांत मुलांचा वर्ग आणि आजाऱ्यांच्या भेटी होत्या. या दोन्ही त्यांनी स्वतः मागून घेतलेल्या होत्या. भेटी आठवड्याला तीनच, आणि आकडा वाढवायचा झाला तर आधी एक रात्र झोपून मग ठरवायचं. चीड पूर्ण गेली का? नाही. समितीच्या बैठकीनंतर अजून येते. पण आता ती आली की त्या कागद काढतात आणि बघतात, यातलं कुठलं काम आपण ठरवलेलं नाही.

वही बंद करायला मी सांगितलं होतं. त्यांनी ती बंद केली नाही, महिन्यातून एकदा लिहितात. शेवटच्या भेटीत एक पान दाखवलं. डोळ्याची तपासणी होती, औषध घातल्यावर काही तास नीट दिसणार नव्हतं, म्हणून मंडळीतली एक तरुण मुलगी गाडीनं घेऊन गेली, थांबली, परत घरी सोडलं. पूर्वी ताईंनी रिक्षा केली असती. गाडीतून उतरताना सवयीनं हात पर्समध्ये गेला, पेट्रोलचे पैसे काढायला. पुढचं त्यांनी लिहिलं होतं ते असं: “हात पर्समधून बाहेर काढला. रिकामा. तिला म्हटलं, बरं वाटलं गं तू आलीस. ती गेली. मी दारात उभी राहिले.”

पानावर ‘म्हणून’ कुठं आहे का, ते मी बघत होते. ताई हसून म्हणाल्या, “शोधू नका मॅडम. मीही शोधला.”