करिअर मार्गदर्शन : मुलीला डी.फार्म.ला कसं वळवू?

सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारगावातून मेडिकल दुकानदार असलेल्या वडिलांचं हे पत्र. मुलगी टीवाय बी.एस्सी.ला, विषय रसायनशास्त्र, आतापर्यंत 74 टक्के. तिला ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून वनौषधींच्या तपासणीत जायचंय. वडील म्हणतात, डी.फार्म. कर, दुकानाचं लायसन्स घरचं होईल. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिने वडिलांच्याच दुकानातली सांधेदुखीची एक आयुर्वेदिक पावडर टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले घटक वेगवेगळ्या उंचीच्या डागांत सुटे करणारी पट्टी) चालवली आणि डायक्लोफिनॅक या ॲलोपॅथीतल्या वेदनाशामकाच्या रेषेत डाग आला. तेव्हापासून घरात अबोला आहे. ‘या डागांच्या खुळातून तिला बाहेर कसं काढावं?’ असं त्यांनी विचारलंय. सोबत प्लेटचा मोबाइलवर काढलेला फोटो जोडलाय.

नमस्कार,

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यात मुलीचे मार्क एका ओळीत, तिच्या आवडीबद्दल ‘खूळ’ हा एक शब्द, आणि बाकी सगळं दुकानाबद्दल. म्हणून मीही आधी दुकानाबद्दलच बोलते.

‘सध्या एका फार्मासिस्टचं सर्टिफिकेट लावलंय, तो महिन्याचे पैसे घेतो पण येत नाही,’ हे तुम्ही भाड्याच्या खोलीबद्दल लिहावं तितक्या सहज लिहिलंय. औषध द्यायला रजिस्टर्ड फार्मासिस्ट हजर लागतो, हा कायदा 1948 सालापासून आहे आणि तो मी तुम्हाला शिकवण्याची गरज नाही. प्रश्न असा की त्या माणसाच्या फ्रेमच्या जागी तुम्हाला लेकीची फ्रेम लावायची आहे. तिने काउंटरवर बसावं असंही पत्रात कुठे नाही. भिंतीवर कागद हवा आहे. उद्या तिचं लग्न झालं, ती नागपूरला गेली, तर हा कागद पुन्हा भाड्यानेच चालवणार का? फार्मासिस्ट हवा असेल तर पूर्ण पगारावर ठेवा. परवडत नसेल तर तो धंद्याचा हिशेब आहे, मुलीच्या करिअरचा नाही.

आता अबोल्याचं. तुम्ही लिहिता, ‘बापाच्या दुकानाची बदनामी करायला निघाली.’ तिने कुणाला सांगितलं? तुमच्याच पत्रावरून दिसतंय की सरांच्या आधी ती तुमच्याकडे आली. रात्री दुकान बंद करताना तिने शटरपाशी उभं राहून फोटो दाखवला आणि तुम्ही तिचा मोबाइल हिसकावून घेतलात. मी पंधरा वर्षं कॉलेजात प्रॅक्टिकल घेतली आहेत. नको असलेला निकाल हाती आला की बहुतेक मुलं प्लेट कचऱ्यात टाकतात आणि जर्नलमध्ये शेजाऱ्याचे आकडे उतरवतात. तुमच्या मुलीने ती घरी आणली. हे तिला कितपत जड गेलं असेल, याचा विचार कुणी केल्याचं पत्रात दिसत नाही.

‘एका डागावरून काय सिद्ध होतं?’ हे तुमचं वाक्य रागातलं असलं तरी शास्त्राला धरून आहे, त्यामुळे त्याला नीट उत्तर देते. अशा प्लेटवर चमकणारं द्रव्य मिसळलेला सिलिकाचा पातळ थर असतो आणि 254 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली तो हिरवा चमकतो. जो पदार्थ तो प्रकाश शोषून घेतो, त्याच्या जागी काळसर डाग दिसतो. डायक्लोफिनॅकचा दिसतो, पण शल्लकीच्या डिंकातली काही बॉस्वेलिक आम्लंही जवळपास तोच प्रकाश शोषतात. सांधेदुखीच्या पावडरीत शल्लकी बऱ्याचदा असते. एसटीतून एकाच थांब्यावर उतरलेले दोघे एका घरचे असतीलच असं नाही, तसंच हे. डाग किती वर चढला याचा आरएफ आकडा त्या द्रावकापुरता आणि त्या दिवसापुरता असतो. टाकीत वाफ नीट भरली नसेल, प्लेटने दमट हवा खाल्ली असेल, तरी तो सरकतो. म्हणून ‘डाग जुळला, म्हणजे औषध सापडलं’ हा समज चुकीचा. पण ‘नुसता डाग आहे, म्हणजे काही नाही’ हा त्याहून चुकीचा, आणि तुम्ही तो धरून बसला आहात. डाग जुळला म्हणजे पुढे तपासायचं.

आता फोटो बघा, मी मोठा करून पाहिला. खालची रेघ पेन्सिलची आहे. पेनने मारली असती तर शाईच वर चढली असती. हे दरवर्षी वर्गात दोघंतिघं करतात. कोपऱ्यात तारीख आणि बॅच नंबर आहे. पहिली लेन पावडरीची, दुसरी डायक्लोफिनॅकच्या गोळीची, बहुधा तुमच्याच फळीवरची. आणि तिसरी लेन, जिच्याबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलेलं नाही, तिच्याखाली बारीक अक्षरात ‘शल्लकी’ लिहिलंय. त्या लेनमध्ये त्या उंचीला डाग नाही. म्हणजे तुम्ही जी शंका रागाने काढलीत, ती तिने आधीच काढून तिचं उत्तरही शोधलं होतं. ही लेन सरांनी सुचवली की तिने, एवढं तिला विचारा. तिची असेल, तर एम.एस्सी.ला जावं का, हा प्रश्न माझ्यापुरता मिटला.

प्रयोगात उणिवा आहेत, त्याही तिला दाखवा. पावडर आणि गोळी एकावर एक टाकलेली लेन हवी होती. दोन वेगळे पदार्थ असतील तर तिथे डाग फाटतो किंवा लांबट होतो. द्रावक बदलून पुन्हा चालवायला हवं. गोळीऐवजी प्रमाणित नमुना हवा. साध्या प्लेटवरून किती मिलिग्रॅम आहे तेही कळत नाही. पुढे एचपीटीएलसीच्या (याच पद्धतीचं यंत्रावरचं सुधारित रूप) स्कॅनरवर त्या डागाचा स्पेक्ट्रम आणि शेवटी एलसी-एमएस, म्हणजे रेणूचं वस्तुमान मोजून ओळख पटवणारं यंत्र, तेव्हा खात्री.

या क्षेत्राबद्दल गोड गोड बोलणार नाही. नुसत्या टीएलसीवर नोकरी मिळत नाही. क्यूसीत, म्हणजे कंपनीच्या दर्जा तपासणीत, सुरुवातीचा पगार बेताचा, शिफ्ट, दिवसभर एचपीएलसीचं यंत्र आणि ढीगभर नोंदी. पण आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथात, वनस्पतीची ओळख पटवायला टीएलसी आहे, त्यामुळे वनौषधींच्या कामात ही विद्या जुनी होत नाही. अशोकारिष्टाला सीतेच्या अशोकाची साल लागते, आणि बाजारात येते सोसायटीच्या कंपाउंडला सरळसोट उभ्या असलेल्या खोट्या अशोकाची. साल सुकून कुटली की भल्याभल्यांना ओळखू येत नाही. प्लेटवर ओळखता येते. हे काम करणारी माणसं लागतात.

मार्गांचं थोडक्यात: एम.एस्सी.साठी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा आणि आयआयटी जॅम. कंपनीत क्यूसीला बी.एस्सी., एम.एस्सी. दोन्ही चालतात, अनुभवानंतर एफडीएचं (अन्न व औषध प्रशासनाचं) ॲप्रूव्हल मिळवता येतं. आणि ‘डी.फार्म. करून निदान ड्रग इन्स्पेक्टर तरी होईल’ हे डोक्यातून काढा. त्याला पदवी लागते, डिप्लोमा चालत नाही. औषधशास्त्राची तिला स्वतःला ओढ असेल तर सीईटी देऊन बी.फार्म. करू दे. पण ते तिने म्हणायला हवं.

करिअरचं एवढंच. माझी खरी काळजी पत्राच्या शेवटच्या पानावर आहे. तुम्ही अभिमानाने लिहिलंय की सकाळी पुडी घेतली की संध्याकाळी म्हाताऱ्या जिना चढतात. मला तिथेच धस्स झालं. डायक्लोफिनॅक असेल, तर बीपीची गोळी चालू असलेल्या, मूत्रपिंड अधू असलेल्या, पोटात व्रण असलेल्या बाईला ते चिठ्ठीशिवाय, मात्रा न कळता, महिनोन्‌महिने जातंय. आयुर्वेदिक औषध विकायला वेगळं लायसन्स लागत नाही, पण भेसळीचं विकणाऱ्याला कायदा मोकळं सोडत नाही, आणि आता ‘मला माहीत नव्हतं’ असं तुम्हाला म्हणता येणार नाही. तुमच्या मुलीने ती सोय काढून घेतली, राग बहुधा त्याचाच आहे.

आजच ती पावडर फळीवरून उतरवा. परत पाठवू नका, फेकूही नका. सीलबंद पाकिटं, खरेदीचं बिल आणि मुलीच्या प्रयोगाची नोंद घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात जा. पुरवठादार ओळखीचा आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्याला आधी फोन करू नका. नेहमीच्या गिऱ्हाइकांना डॉक्टरकडे जायला सांगा आणि ही पुडी घेत होतात हेही डॉक्टरला सांगा म्हणावं.

कार्यालयात मुलीला सोबत न्या. बॅच नंबर तिच्याकडे आहे. आणि तिचा मोबाइल अजून तुमच्या गल्ल्यात असेल, तर तो आधी परत द्या.