वाचकांचे प्रश्न : एमआरआयमधले पांढरे डाग आणि मंदावलेली बुद्धी

प्रश्न : आईचं वय ६९. हिशेब करताना गोंधळते, सगळ्याच कामांना वेळ लागतो. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘फाझेकास ग्रेड २, क्रॉनिक स्मॉल व्हेसल चेंजेस’ (म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांमुळे झालेले जुने बदल) असं लिहून शेवटी ‘वयानुसार’ असा शेरा मारलाय. मग हा आजार आहे की नुसतं वय?

उत्तर : त्या शेऱ्यावर फार विसंबू नका. साठीनंतर फ्लेअर या प्रकारच्या एमआरआय चित्रात थोडेफार पांढरे डाग बहुतेकांना दिसतात, म्हणून तो सवयीनं लिहिला जातो. डाग मोजायच्या १९८७ सालच्या फाझेकास पद्धतीत मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेचे डाग आणि खोलवरचे डाग यांना ० ते ३ असे वेगवेगळे गुण देतात. त्यामुळे एकच आकडा लिहिला असेल तर तो कुठला, हे रेडिओलॉजिस्टला विचारा. पोकळीच्या कडेची बारीक पांढरी रेघ सहसा निरुपद्रवी असते. खोलवर सुटे ठिपके म्हणजे १, ते एकमेकांना मिळू लागले की २, मोठे सलग पट्टे झाले की ३. खोलवरचा २ असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये.

मेंदूच्या या खोलवरच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या मिलिमीटरच्या अंशाइतक्या बारीक असतात आणि एक तुंबली तर दुसरीकडून पुरवठा जवळजवळ मिळत नाही. नुकसान होतं ते मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंचं, म्हणून आधी वेग आणि नियोजन ढासळतं. चाल मंदावणं, पावलं आखूड पडणं, लघवीची घाई, कशातच रस न वाटणं, हेही बारीक रक्तवाहिन्यांच्या याच आजाराचं असू शकतं. घरचे मात्र फक्त विसरभोळेपणाच मोजत बसतात.

बुद्धीच्या तपासणीत एमएमएसईपेक्षा मोका ही प्रश्नोत्तरांची चाचणी घ्यावी. पहिलीत नियोजनाचा कस फारसा लागत नाही. मोकात ३० पैकी २६ ही नेहमीची सीमा आहे, पण शिक्षण कमी असेल तर ती जशीच्या तशी लावू नये. त्यात लक्षात ठेवायला दिलेले पाच शब्द नंतर आठवले नाहीत तर परीक्षकाला इशारा द्यायला सांगा. ‘शरीराचा एक भाग’ म्हटल्यावर शब्द आठवला तर गुण मिळत नाही, पण माहिती मिळते : शब्द साठवलेला आहे, बाहेर काढणं अडतंय. हे डागांशी जुळतं. इशाऱ्यानंही काही येत नसेल तर अल्झायमरचा संशय वाढतो. उतारवयात दोन्ही एकत्र असणं सर्रास आढळतं. नैराश्य, बी १२, थायरॉइड, कमी ऐकू येणं आणि झोपेच्या गोळ्या हे आधी तपासून घ्या.

प्रश्न : वडिलांच्या रिपोर्टमध्ये लॅक्युन, पेरिव्हॅस्क्युलर स्पेस आणि सहा मायक्रोब्लीड (सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा) आहेत, गेल्या वर्षी दोनच होते. एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे अनियमित ठोके) रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. ती बंद करावी का?

उत्तर : स्वतःहून मुळीच नाही. आधी दोनाचे सहा खरंच झालेत का ते पाहू. मायक्रोब्लीड टी-टू किंवा फ्लेअर या साध्या एमआरआय चित्रांत सहसा दिसत नाहीत. त्यासाठी जीआरई किंवा एसडब्ल्यूआय या खास प्रकारचं चित्र लागतं. एसडब्ल्यूआय जास्त संवेदनशील असतं, आणि ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन १.५ टेस्लाच्या मशीनपेक्षा जास्त. गेल्या वर्षी जीआरई आणि यंदा एसडब्ल्यूआय झालं असेल तर ही वाढ फसवी असू शकते. कॅल्शियमचा साठा किंवा चित्रात आडव्या छेदात आलेली शीरही तसाच काळा ठिपका दाखवते. जुनी सीडी नेऊन दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघायला सांगा. नुसते कागदी रिपोर्ट ताडून उपयोग नाही.

मग जागा बघायची. बेसल गँग्लिया, थॅलॅमस, ब्रेनस्टेम या मेंदूच्या खोलवरच्या भागांतले ठिपके बहुधा जुन्या रक्तदाबाचे. फक्त कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) आसपास असतील तर अमायलॉइड अँजिओपथीचा (रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड प्रथिन साठण्याचा) विचार होतो आणि सोबत कॉर्टिकल सुपरफिशियल सिडरोसिस (मेंदूच्या पृष्ठभागावर जुन्या रक्ताचा साठा) असेल तर रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो. तसं असेल तर न्यूरोलॉजिस्ट आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवावं. एरवी मोजके मायक्रोब्लीड हे गोळी थांबवायचं कारण ठरत नाही. गुठळीनं येणाऱ्या पक्षाघाताचा धोका सहसा मोठा असतो.

लॅक्युन म्हणजे ३ ते १५ मिलिमीटरची, पाण्यानं भरलेली जुनी जखम. फ्लेअरमध्ये तिच्याभोवती बहुधा पांढरी कड असते. पेरिव्हॅस्क्युलर स्पेस म्हणजे रक्तवाहिनीभोवतीची पोकळी, सहसा ३ मिलिमीटरहून लहान, बिनकडेची. एखाददुसरी असेल तर दुर्लक्ष केलं तरी चालतं.

प्रश्न : डाग पुसणारं औषध आहे का? ॲस्पिरिन घेऊ का?

उत्तर : डाग पुसणारी गोळी नाही. पक्षाघात झालेला नसेल तर केवळ डागांसाठी ॲस्पिरिन घेऊ नये. लॅक्युनर पक्षाघातानंतर (बारीक धमनी तुंबून झालेल्या) ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दीर्घकाळ एकत्र दिल्यानं फायदा न होता रक्तस्राव वाढले, हे एसपीएस-३ चाचणीत दिसलं.

हातात आहे तो रक्तदाब. स्प्रिंट-माइंड चाचणीत (२०१९) वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचं लक्ष्य असलेल्यांत डागांची वाढ कमी झाली, सौम्य बौद्धिक ऱ्हासही कमी आढळला. डिमेन्शियातला फरक मात्र ठाम ठरला नाही. त्या चाचणीत मधुमेही आणि पक्षाघात झालेले रुग्ण नव्हते, हे डॉक्टरांशी बोलताना लक्षात असू द्या. घरी मोजताना ५ मिनिटं पाठ टेकून बसा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा, मिनिटाच्या अंतरानं दोन नोंदी घ्या. असं सकाळ-संध्याकाळ ७ दिवस करा आणि पहिला दिवस सोडून सरासरी काढा. उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा दाब २० किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांना आधी ते सांगा, गोळ्या नंतर वाढवू द्या.