मानदंड नव्हे, गदा तर नव्हेच

प्रश्न असा आलाय. मुलगी ग्लासगो विद्यापीठातून पदवीधर झाली, त्या समारंभाचं वर्णन मराठीत लिहायचंय. मिरवणुकीच्या पुढे झगा घातलेला एक जण चांदीचा, मिनाकाम केलेला लांब दांडा घेऊन चालत होता. त्याला 'मानदंड' म्हणावं की 'गदा'? आणि विद्यापीठाच्या चिन्हात मासा आहे, तर मिनाकामातला 'मीन' तोच का?

आधी ते 'मानदंड' बंद करा. दीक्षान्त समारंभांचे दिवस आले की कुणीतरी 'विद्यापीठाचा मानदंड' घेऊन पुढे चालल्याचं वाचावं लागतं आणि माझा चहा निवतो. त्यातलं मान म्हणजे मानपान नव्हे हो, मोजमाप! कुमारसंभवाच्या पहिल्याच श्लोकात कालिदास हिमालयाला 'पृथिव्या इव मानदण्डः' म्हणतो. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या समुद्रात टोकं बुडवून पृथ्वी मोजायला आडवा ठेवलेला गज, असं ते चित्र आहे. संस्कृतच्या एका जाणकारांनी मला सुनावलं, "मान म्हणजे सन्मानही होतो, मग मानाचा दंड का नको?" होतो ना! मग तापमान म्हणजे तापाचा सत्कार समजायचा का?

गदेबद्दल फार बोलत नाही. चांदीची गदा म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे महाराष्ट्र केसरीच्या खांद्यावरची येते. अशा दांड्याला इंग्रजीत 'मेस' (mace) म्हणतात, ते मुळात हत्यार, म्हणून कोश बघून गदा लिहिणारे तिथे फसतात. ग्लासगोच्या दांड्यावर तर लॅटिनमध्ये कोरूनच ठेवलंय की विद्यापीठाच्या पैशाने १४६५ साली ही 'विर्गा' विकत घेतली, १५६० साली ती फ्रान्सला नेली आणि १५९० साली परत मिळाली. विर्गा म्हणजे छडी, काठी. त्या वस्तूने स्वतःच आपण काठी असल्याचं सांगितलंय, आणखी काय पुरावा हवा?

आणि अशा काठीला मराठीत अस्सल शब्द आहे: चोप. भालदार-चोपदारातला. फारसीत 'चोब' म्हणजे लाकूड, काठी. चोब धरणारा तो चोबदार, हिंदीत अजून तसाच आहे. आपण ब चा प केला. ही एकट्या चोपदाराची गंमत नाही. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी चोपचिनी बघा, ती मूळची चोबचीनी, म्हणजे चीनहून आलेलं लाकूड. दोन्हीकडे ब गेला, प आला. आता माझं लाडकं मत सांगतो: पोराला 'चोप देणे' यातला चोपही हाच. काठी हातात होती, ती पाठीत बसली, काठीचं नाव माराला मिळालं. 'छडी मिळाली' म्हणतो तसंच. यावर एक व्युत्पत्तीवाले स्नेही उखडतात. जमीन चोपणे, धान्य चोपणे ही कुणब्याची क्रिया, तिला दरबारी फारसी कशाला हवी, असं त्यांचं म्हणणं. ते ध्वनीवरून धातू शोधत बसलेत. बसू देत. ज्या भाषेत 'जमीन' हाच शब्द फारसी, तिथे ती चोपायला फारसी काठी चालणार नाही, हा कुठला सोवळेपणा?

चोप म्हणजे नोकराच्या हातातली काठी, विद्यापीठाला ती शोभत नाही, असं म्हणणाऱ्यांनी माउलींच्या पालखीतली समाजआरती बघावी. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चांदीचा चोप वर करतात आणि सगळा समाज एका क्षणात गप्प होतो. कुठे एखाद्या दिंडीत टाळ वाजतच राहिले, तर त्यांची काही तक्रार आहे असं समजून चोपदार तिकडे जातात. तो चोप कुणाला मारायला नसतो. ग्लासगोचाही नसतो. सभा अधिकाराने बसली आहे, एवढंच तो पुढे चालून सांगतो. तेव्हा 'विद्यापीठाचा चोप' असं खुशाल लिहा, आणि धरणाऱ्याला चोपदार म्हणा.

मिनाकामाचं राहिलंच. नाही, तो मासा नव्हे. 'मीना' हाही फारसी, काच आणि काचेचा रंग या अर्थाचा. कामही तेच असतं: चांदीत खळगे कोरायचे, काचेची रंगीत पूड ओली करून भरायची, निळ्याला कोबाल्ट, हिरव्याला तांबं, आणि भट्टीत घालायचं. पूड ८०० अंशांच्या आसपास वितळते आणि चांदी ९६१ला, म्हणजे जरा जास्त वेळ राहिलं की दागिनाच वितळून बसला. म्हणून जो रंग जास्त आच सोसतो तो आधी भरतात, नाजूक रंग शेवटी.

चिन्हातला मासा ग्लासगोच्या पालक संताच्या, संत मंगोच्या, गोष्टीतला आहे. राणीची अंगठी गिळलेला साल्मन.