इलेक्ट्रिकल सोडू नका

तुमची मुलगी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वादळात किंवा ऐन कसरतीत विमान ताब्यात ठेवणाऱ्या नियंत्रण यंत्रणांवर तिला काम करायचंय, त्यासाठी एरोस्पेसला पहिल्यापासून प्रवेश घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात घेऊ नका. या कामाचा गाभा कंट्रोल सिस्टिम्स आहे आणि तो विषय ती आत्ता शिकतेच आहे.

तिला कशानं झपाटलंय, ते तुम्हालाही कळावं. ऑगस्ट १९९३ मध्ये स्टॉकहोमला हवाई प्रात्यक्षिकात ग्रिपेन हे लढाऊ विमान कोसळलं. वैमानिक पॅराशूटनं वाचला. त्यानं विमान वळवायची स्टिक झपाट्यानं हलवली होती, पण पंखांवरचे हलते भाग एका ठरावीक वेगापलीकडे वळूच शकत नाहीत. विमानाचा प्रतिसाद मागे पडला, त्यानं आणखी जोर लावला आणि हेलकावे वाढत गेले. दुप्पट आज्ञा दिली की दुप्पट परिणाम, हे साधं रेषीय गणित अशा टोकाला लागू पडत नाही. विमानाचं नाक फार वर गेलं आणि पंखावरचा हवेचा प्रवाह सुटला, तरी तेच होतं. नॉनलिनिअर, म्हणजे अरेषीय, कंट्रोल लागतं ते इथे.

आपल्याकडेही हे काम झालंय. तेजस मुद्दाम अस्थिर ठेवलेलं विमान आहे; संगणकाशिवाय ते उडवताच येणार नाही. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर त्याच्या नियंत्रण यंत्रणेसाठी मिळणारी अमेरिकेची मदत थांबली, तरी ४ जानेवारी २००१ रोजी ते बंगळुरात उडालं. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

आता गेटची, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेची तयारी. आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोलचं एम.टेक. आहे, तिथे इलेक्ट्रिकलवाल्यांना प्रवेश मिळतो. दरम्यान डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लिनिअर अल्जिब्रा पक्कं हवं. लिनिअर कंट्रोल नीट झाल्याशिवाय ल्यापुनोव्हकडे, म्हणजे नॉनलिनिअर यंत्रणा स्थिर आहे का हे तपासण्याच्या त्याच्या पद्धतीकडे, वळू नये, घाई केली की नुसती सूत्रं पाठ होतात. ऑक्टेव्ह या मोफत मिळणाऱ्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये तिनं विमानाचं छोटं मॉडेल करावं, हलत्या भागांच्या वेगावर मर्यादा घालावी आणि हेलकावे कधी सुरू होतात ते स्वतः शोधावं. मुलाखतीत हे काम कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलेल.

नोकऱ्यांबद्दल स्पष्ट सांगतो. जागा थोड्या आहेत आणि बहुतेक बंगळुरात, एडीए, एडीई, एनएएल अशा विमान-संशोधनाच्या सरकारी संस्थांत. पुढे पीएचडीही करावी लागू शकते. तेवढी वर्षं तिच्यामागे कमावण्याची घाई लावू नका.